विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात येत नाही

दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की ठाणे, ऐरोली, नेरुळकडच्या सोसायटी ग्रुपवर एक सल्ला फिरतो: 'खचलेल्या मुलासमोर आत्महत्येचा विषयही काढू नका, नाहीतर तो विचार डोक्यात शिरेल.' यामागे काळजीच असते, आणि ऐकताना पटतंही. पण तसं होत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये 2,342 विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना पहिल्या प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल विचारलं, उरलेल्यांना नाही. दोन दिवसांनी सगळ्यांनाच विचारलं. आधी विचारलेल्या मुलांमध्ये ना अस्वस्थता जास्त निघाली, ना असे विचार. आधीच नैराश्यात असलेल्यांना तर विचारल्याने त्रास कमीच जाणवला. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्याच्या मनात विचार आहे, त्याच्या मनात तो आपण विचारण्याआधीपासूनच असतो. फक्त ते ओझं तो एकटाच वाहत असतो.

पडताळायचं असेल तर नैराश्य तपासण्याची पीएचक्यू-नाइन ही नऊ प्रश्नांची यादी बघा, मराठीतही आहे. नववा प्रश्न याच विचारांबद्दल! वैद्यकीय महाविद्यालयात चिकित्सालयीन मानसशास्त्र शिकणाऱ्यांनाही तो आडवळणाने न विचारता सरळ विचारायला शिकवतात.

घरीही तसंच विचारावं: "जीव द्यावा असं मनात येतं का रे?" मग उपदेश न करता ऐकावं. गुप्ततेचं वचन मात्र देऊ नये. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं न सोडता मानसोपचार विभागात न्यावं, किंवा 14416 वर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.