जड बोट ट्रेलरवरून घसरते कशी?

"जड आहे हो, कुठे जातेय ती!" बोट ट्रेलरवर चढवून झाली की हे वाक्य कुणीतरी टाकतंच, वर्सोव्याला म्हणा नाहीतर मांडव्याला, आणि टाकणारा बहुतेक वेळा अर्धं आयुष्य पाण्यात काढलेला माणूस असतो त्यामुळे त्याला उलट बोलायला कुणी जात नाही. पाण्यातलं त्याचं सगळं मान्य. पण रस्त्यावर हे वाक्य मुळातच चुकीचं आहे.

बोट ट्रेलरवरच्या कार्पेट ठोकलेल्या फळ्यांवर बसते आणि तिथे तिला धरून ठेवतं ते घर्षण. वजन वाढलं की घर्षण वाढतं, इथपर्यंत बरोबर. पण ब्रेक दाबल्यावर बोट पुढे जायला बघते तो जोरसुद्धा वजनाच्याच पटीत वाढतो ना! म्हणजे वजन दोन्ही बाजूंना आलं, गणितात कटून गेलं, उरलं फक्त पृष्ठभाग किती निसरडा आणि ब्रेक किती जोरात एवढंच. लोकलमध्ये काही न धरता उभे असाल आणि गाडीने गचका दिला तर जाडा आणि बारका दोघंही तसेच पुढे जातात, जाड्याला वजनाची काही सूट मिळत नाही, तसंच हे. २०० किलोची छोटी डिंगी आणि २००० किलोची स्पीडबोट, फळ्या सारख्याच असतील तर एकाच ब्रेकला घसरायला लागतात. आणि फळ्या रुंद केल्या तर जास्त धरतील असंही काहीजणांना वाटतं, पण साध्या कोरड्या घर्षणात टेकलेल्या जागेच्या क्षेत्रफळाने फारसा फरक पडत नाही, हे आमोंताँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६९९ मध्येच सांगून ठेवलंय.

आता आकडे घालू. इंजिन, पेट्रोल, जाकिटं सगळं धरून ८०० किलोची फायबरची बोट घ्या. अमेरिका आणि युरोपातले माल बांधायचे नियम सांगतात की पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि मागे व बाजूला ०.५ पट जोर सहन होईल असं बांधा, कारण जोरात ब्रेक मारला की साधारण तेवढा जोर येतो. म्हणजे पुढच्या बाजूला ६४० किलोचा जोर. ओल्या कार्पेटचं घर्षण वजनाच्या ०.३ पट धरलं तर त्यातले २४० किलो फुकट मिळाले, उरलेले ४०० कुणीतरी धरायला हवेत. आणि ते २४० पण बोट फळ्यांवर टेकलेली असेल तोपर्यंतच. ट्रेलरचं चाक खड्ड्यात जाऊन उसळलं की क्षणभर बोटीचा भार फळ्यांवर जवळजवळ राहतच नाही, म्हणजे घर्षण पण शून्याच्या आसपास, आणि पावसाळ्यात सायनपासून पनवेलपर्यंत असे क्षण किती येतात ते मी सांगायला नको.

मग ४०० किलो धरायचे कसे? आपल्याकडची सवय म्हणजे एक बेल्ट बोटीच्या वरून टाकायचा आणि रॅचेट, म्हणजे पट्टा ताणायची दातेरी कळ, आवळायचं, हाताला लागेपर्यंत. बेल्टवर कुठेतरी पाच टन लिहिलेलं असतं त्यामुळे मन पण शांत. इथेच खरी गोम आहे. ते पाच टन म्हणजे बेल्ट किती सहन करेल (तेही बऱ्याचदा वळसा घालून दुहेरी वापरला तर), तो किती जोराने बोटीला दाबतोय हे नाही! युरोपीय मानकाच्या बेल्टवर शिवलेल्या लेबलवर दोन वेगळे आकडे असतात, एलसी म्हणजे बेल्ट किती ओढ झेलू शकतो आणि एसटीएफ म्हणजे हाताने आवळल्यावर त्यात ताण किती येतो. पन्नास मिलिमीटर रुंदीच्या नेहमीच्या बेल्टला हा दुसरा आकडा तीनशे किलोच्या आसपासच असतो. दोन्ही बाजू मिळून खाली दाब आला फार तर ६००, त्याचं घर्षण ०.३ ने १८० किलो. म्हणजे ४०० साठी असे तीन बेल्ट हवेत, आणि तेवढं आवळलं तर फायबरच्या काठाला तडे जायची भीती वेगळीच.

तोच बेल्ट तिरका लावा, मग बघा. बोटीच्या कड्यातून काढून ट्रेलरच्या चासीला खाली-मागे ४५ अंशात खेचून बांधला तर बोट सरकायला लागताच तो स्वतःच ताणला जातो, आणि इथे तुमच्या हाताची ताकद नाही तर बेल्टची स्वतःची ताकद कामाला येते. ताणाचा साधारण ०.७ हिस्सा सरळ आडवा धरतो, शिवाय ०.७ खाली दाबतो त्याचं घर्षण वेगळं, दोन बाजूंना असे दोन बेल्ट लावले तर त्या ४०० साठी प्रत्येकावर जेमतेम २२० किलो येतात. म्हणजे टनाटनाचं झेलणारे दोन बेल्ट आरामात बसून आहेत. मला विचाराल तर वरून टाकलेला बेल्ट हा सोबतीला असावा, भरवशाला नाही.

फक्त दिशा बघून लावा. पुढचा विंचचा, म्हणजे बोट ओढून घ्यायच्या हातरहाटाचा, पट्टा बोटीला पुढे खेचतो, म्हणजे तो बोट मागे जाऊ नये म्हणून, बोरघाट चढताना उपयोगी. ब्रेक लागल्यावर तो काही करत नाही, तेव्हा नाळेसमोरचा (नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक) रबरी गुटका आणि नाळेच्या कड्यापासून खाली-मागे ओढून बांधलेला पट्टा हेच काय ते धरतात. विंच हे तसं बोट चढवायचं हत्यार आहे, त्याच्या दातावर अख्खा प्रवास सोपवू नका, नाळेच्या कड्याला वेगळी साखळी लावाच. मागच्या दोन कड्यांचे बेल्ट सरळ खाली न बांधता एकमेकांना छेद देऊन बांधले तर बाजूची हालचाल पण धरली जाते.

बोट अर्धा फूट मागे सरकली तर काय एवढं, असं वाटेल. गाडीच्या हुकवर ट्रेलरच्या दांड्याचा जो भार येतो तो एकूण वजनाच्या साधारण १० टक्के धरा (अमेरिकेत १० ते १५ सांगतात, युरोपात कमी चालतो). बोट आणि ट्रेलर मिळून १००० किलो, म्हणजे हुकवर १०० किलो. चाकापासून हुक ४ मीटर लांब असेल आणि ८०० किलोची बोट १५ सेंटीमीटर मागे गेली तर हुकवरचे ३० किलो कमी झाले. त्यात बोटीच्या तळाशी ६० लिटर पाणी राहिलंय, मागे इंजिनाजवळ, चाकाच्या दीड मीटर मागे, त्याने अजून २२ गेले. उरले ४८, पाच टक्क्यांच्याही खाली. असा ट्रेलर वेग वाढला की शेपटी हलवायला लागतो, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा, आणि अटल सेतूवरच्या आडव्या वाऱ्यात तर सुरुवात करून द्यायला कुणी लागतच नाही. तेव्हा स्टिअरिंगशी भांडू नका, हळूहळू वेग कमी करा. आणि पाण्याचं म्हणाल तर ८ चौरस मीटर उघड्या बोटीत ५० मिलिमीटर पाऊस पडला की ४०० लिटर होतात, आपल्याकडे जुलैत ही एका दुपारची गोष्ट आहे. तळाचं बूच काढूनच निघा.

दोरीबद्दल थोडक्यात. पॉलिएस्टरचा पट्टा घ्या, निळं लेबल असतं. नायलॉन, म्हणजे हिरवं लेबल, भिजलं की दहा-पंधरा टक्के ताकद गमावतं आणि ताणतं पण जास्त. बोट पाण्यात नांगरायला ही लवचिकता छान, ट्रेलरवर नको. दुकानात मिळणारी स्वस्त निळी-हिरवी प्लास्टिकची दोरी उन्हाने कुजते, आणि कुठल्याही दोरीला गाठ मारली की तिची निम्म्यापर्यंत ताकद गाठीतच जाते. धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर खड्ड्याखड्ड्यागणिक तो करवतीसारखा कापला जातो. लांब मोकळा पट्टा वाऱ्यात फडफडून भणभणतो त्याला मधे एक पीळ द्या, हवा दोन्ही बाजूंनी एकसारखी लागत नाही आणि फडफड मोडते, मात्र पीळ रॅचेटमध्ये किंवा कडेवर यायला नको.

हुकखालच्या दोन सुरक्षा साखळ्या फुलीसारख्या छेद देऊन लावतात, म्हणजे हुक सुटलाच तर दांडा रस्त्यात न घुसता त्या झोळीत अडकतो. निघताना सगळं कितीही घट्ट असलं तरी कार्पेट दबतं, बोट बसते, पट्टे सैल पडतात, म्हणून दहा-पंधरा किलोमीटरवर, सायनहून निघालात तर वाशीचा खाडीपूल ओलांडून, कुठेतरी बाजूला थांबा आणि प्रत्येक रॅचेट ओढून बघा. बहुतेक एक-दोन दात पुढे जाईलच, आणि गेला तर पनवेलला परत एकदा बघा.