जुनं लाकूड आणि ऐतिहासिक लाकूड: पेन घेताना होणारी गल्लत

एका लाकडी पेनाच्या डबीवर ‘जुनं सागवान’ लिहिलेलं असतं, दुसऱ्या डबीवर ‘ऐतिहासिक सागवान’. लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, चढवले तर दोन्ही तुकडे एकाच जातीचे, एकाच रंगाचे निघतील.

जुनेपण लाकडात दिसतं. कोल्हापुरात पेठेतला वाडा पाडला की तुळया, खांब, चौकटी वखारीत येऊन पडतात. तुळईच्या आडव्या कापात सागाची वाढीची वर्तुळं पाहावीत. रानात सावकाश वाढलेल्या झाडाची ती दाट असतात. खिळ्याच्या भोकाभोवती गंजाचा काळा डाग असतो. काही पेनं करणारे हा डाग मुद्दाम पुढच्या बाजूला ठेवतात, आणि बरं करतात. हत्याराची धार लवकर जाणं किंवा तेलकटपणामुळे पेनाच्या आतली पितळी नळी नीट न चिकटणं, ही मात्र जुनेपणाची खूण नव्हे. सागात सिलिका आणि तेल दोन्ही असतं, नव्यातही.

ऐतिहासिकपण लाकडात शोधून सापडत नाही. ते कागदात असतं: कुठल्या वास्तूतून, कधी, कोणी काढलं आणि कोणाच्या हाती दिलं. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचं एके काळचं जहाज ‘फुड्रॉयंट’ १८९७ मध्ये इंग्लंडात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं आणि त्याच्या ओकच्या वस्तू करून विकल्या गेल्या. आज तशी वस्तू हातात आली, तर ओक आहे एवढं तज्ज्ञ सांगेल. जहाज कुठलं ते नाही. कार्बन-कसोटीही इथे लंगडी पडते, कारण साधारण १६५० नंतरच्या लाकडाचा नेमका काळ तिला सांगता येत नाही.

उद्या कोणी कोल्हापुरातल्या १९१५ च्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या लाकडाचं पेन म्हणून पुढे केलं, तर काय पाहाल? ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं, हे गावाला ठाऊक आहे. करपलेला सागवानाचा तुकडा शेगडीवरही तयार होतो. पावती मागा.

आणि हिशेबही करा. दहा फुटी, सहा इंच जाडीच्या एका तुळईतून करवतीची तूट धरूनही पेनाचे सातआठशे तुकडे निघतात. ‘मोजकीच पेनं’ म्हणणाऱ्याला बाकीची तुळई कुठाय, हे विचारायला हरकत नाही.

माझ्या खिशातलं पेन आमच्याच घराच्या चौकटीचं आहे. लाकूड जुनं. इतिहास म्हणाल तर चुलत्यांची वाटणी, तिचा कागद मात्र पक्का आहे.