पंक्चर-प्रतिबंध (मुलांच्या सायकलींचा)

मुलांच्या सायकलीच्या ट्यूबला छिद्र पडून हवा जाऊ नये म्हणून योजावयाचे उपाय. प्रस्तुत नोंदीत १२ ते २० इंची चाकांच्या सायकली गृहीत धरल्या असून स्थानिक तपशील खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे) आहेत.

हवेचे टायर मुळात एका मुलाच्या तीनचाकीसाठी निघाले, असे सामान्यतः सांगितले जाते. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी भरीव रबराच्या चाकांमुळे आपल्या मुलाला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून हा प्रयोग केला. तो १८८७ च्या अखेरीचा की १८८८ च्या आरंभीचा, याविषयी एकवाक्यता नाही. पेटंट १८८८ मधील आहे. तथापि रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी घोडागाड्यांसाठी अशाच टायरचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते आणि ते उजेडात आल्यावर डनलॉप यांचे पेटंट टिकले नाही. कल्पनेचे श्रेय टॉमसन यांना आणि प्रसाराचे डनलॉप यांना देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. पंक्चरच्या दृष्टीने मात्र या वादापेक्षा १८९१ मधील मिशेलिन बंधूंचे सुटे होणारे टायर अधिक महत्त्वाचे; तोवर टायर चाकाला चिकटवलेले असल्याने दुरुस्ती फार वेळखाऊ होती.

खानदेशात ट्यूबचा मुख्य शत्रू काटा होय. बाभळीचे लांब, सरळ काटे शेताच्या कुंपणावरून पायवाटेवर येतात. त्याहून उपद्रवी सराटा (काटे गोखरू). पिवळ्या फुलांच्या या पसरट वेलीचे फळ वाळले की त्याचे साधारणतः पाच तुकडे होतात व प्रत्येकावर दोन मोठे, दोन लहान काटे असतात, त्यामुळे तो कसाही पडला तरी एखादे टोक वर राहतेच. पावसाळा ओसरल्यावर बांधावर आणि मैदानांच्या कडेला त्याचा सडा पडतो. मुलांच्या सायकलींचे टायर बहुधा पातळ असल्याने हे आखूड काटेही ट्यूबपर्यंत पोहोचतात.

दुसरे कारण कमी हवा. मऊ टायर दगडावर किंवा खड्ड्याच्या कडेवर आदळला की ट्यूब रिमच्या दोन काठांत चिमटली जाऊन शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. मुलांच्या ट्यूबमध्ये हवेचा साठाच थोडा असल्याने थोडी गळतीही लवकर जाणवते. म्हणून आठवड्यातून एकदा हवा पाहणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. किती हवा भरावी, हे टायरच्या बाजूवर छापलेले असते. जुन्या पद्धतीच्या रबरी नळीच्या व्हॉल्व्हवर दाब मोजणे अवघड असल्याने अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याची रीत आहे. हीच नळी वाळून चिरली की हवा हळूहळू जाते आणि घरचे लोक पंक्चर झाले असे समजून दुकान गाठतात. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा येतो का, एवढे आधी पाहावे.

उन्हाने ट्यूब फुटते हा समज येथे दृढ आहे, आणि पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या प्रदेशात तो स्वाभाविकही आहे. परंतु टायर २५ वरून ६० अंशांपर्यंत तापला तरी ४० पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच) दाब सुमारे ४६ पर्यंतच चढतो. चांगला टायर एवढ्याने फुटत नाही. फुटतो तो आधीच चिरलेला, किंवा ज्याच्या ट्यूबवरील ठिगळाचे सोल्यूशन उन्हाने सुटले आहे तो. सायकल सावलीत ठेवावी हा सल्ला तरीही योग्यच, कारण उन्हाने रबर लवकर जीर्ण होते.

टायर व ट्यूब यांच्या मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घालण्याचा घरगुती उपाय उपयुक्त आहे. फक्त पट्टीच्या कडा घासून बोथट कराव्यात, नाहीतर त्याच ट्यूब कापतात. आरांची टोके झाकणारी रिमवरील पट्टी सरकलेली नाही ना, हेही पाहावे. ट्यूबमध्ये ओतावयाचे सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) बारीक छिद्रांपुरते चालते, चिरेला नाही. भरीव टायरला पंक्चर संभवत नाही, पण ज्या हादऱ्यांवर डनलॉप यांनी उपाय शोधला तेच मुलाच्या हातापायांना पुन्हा बसतात.

पंक्चर काढल्यावर काटा टायरमध्येच राहिला, तर नवी ट्यूबही दुसऱ्या दिवशी पंक्चर होते. बोटाने चाचपण्यात इजा होऊ शकते, आणि तुटलेले टोक बोटाला लागेलच असे नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. जेथे धागे अडकून मागे राहतात, तेथे काटा असतो व तो बाहेरून चिमट्याने काढता येतो.