चाल लावली की पाठ झालं?

‘कुठलीही गोष्ट चालीत बसवा, ती आपोआप लक्षात राहते’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते अर्धंच खरं आहे.

वांडा वॉलेस या संशोधिकेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तीन कडवी एकाच चालीवर गाऊन ऐकवली, तेव्हा शब्द नुसते बोलून ऐकवल्यापेक्षा जास्त आठवले. पण फक्त एकच कडवं ऐकवलं, म्हणजे चाल कानात मुरायला वेळच मिळाला नाही, तेव्हा उलट बोललेलं जास्त आठवलं. साहजिक आहे. अनोळखी चाल म्हणजे दुप्पट काम: शब्दही शिका, सूरही शिका.

मग मुरलेली चाल नेमकं करते काय? ती पर्याय कमी करते. ओळीत किती मात्रा मावतात, जोर कुठे पडतो हे ठरलेलं असतं, त्यामुळे चुकीचा शब्द आला की ओळ लंगडते आणि आपल्याला लगेच कळतं. यमकाचंही तसंच. एका ओळीच्या शेवटी ‘पाणी’ आलं की पुढच्या ओळीसाठी ‘गाणी’, ‘राणी’, ‘वाणी’ असे मोजकेच उमेदवार उरतात. ‘समुद्र’ परस्पर बाद! अर्थानेही त्यातले निम्मे गळतात. आठवणं म्हणजे इथे बरंचसं अंदाज बांधणंच असतं.

याची किंमतही आहे. पाढा चालीत पाठ केलेल्या कुणालाही अचानक ‘सात आठे?’ विचारा. बहुतेक जण मनातल्या मनात ‘सात एके सात’पासून निघतात.