एमवायची पर्ची आणि राज्याची तिजोरी : रोगी कल्याण समितीची पार्श्वभूमी

2025 च्या ऑगस्टअखेरीस इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे अवघे शहर ज्याला ‘एमवाय’ म्हणते तिथे, नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातील दोन बाळांना उंदरांनी चावे घेतले आणि पुढे ती दोन्ही बाळे दगावली. मृत्यूचे कारण जन्मजात व्याधी होते, अशी बाजू रुग्णालयाने मांडली. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर शहरात निलंबन आणि कंत्राट यांची चर्चा पुष्कळ झाली. मात्र याच इमारतीत उंदरांच्याच प्रश्नातून तीन दशकांपूर्वी रोगी कल्याण समिती ही व्यवस्था जन्माला आली होती आणि पुढे ती देशभर गेली, हे आज फार थोड्यांना आठवते. ती व्यवस्था का निर्माण झाली आणि तिच्याकडून कोणते काम करून घेतले गेले, हे समजल्याखेरीज आजच्या मागण्या नेमक्या कोणाकडे करायच्या हे ठरवता येणार नाही.

इंदुरात वैद्यकीय शिक्षण 1878 पासून आहे. त्या जुन्या शाळेच्या परंपरेतून 1948 मध्ये महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याच वर्षी होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, आणि महाविद्यालयाला जोडलेले हे बहुमजली रुग्णालय 1950 च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. 1956 मध्ये मध्य प्रदेश अस्तित्वात आल्यावर त्याचा कारभार भोपाळकडे गेला. आमच्या आधीच्या पिढीतील मराठी घरांना ‘महाराजांच्या नावाचे रुग्णालय’ हा शब्दप्रयोग आपुलकीचा वाटे. पण महाराजांचे नाव दारावर राहिले आणि खर्चाची मंजुरी मात्र जवळपास दोनशे किलोमीटर दूर गेली, हा बदल त्या आपुलकीत कुणाच्या फारसा ध्यानात आला नाही.

सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर जमा होणारी रक्कम, मग ती पर्चीची, म्हणजे केसपेपरची, असो वा क्ष-किरण तपासणीची, नियमाप्रमाणे कोषागारात भरावी लागे. ती राज्याच्या एकत्रित निधीचा भाग होई आणि रुग्णालयाला परत मिळण्याचा मार्ग एकच होता : अर्थसंकल्पात त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे त्या खर्चाच्या सदराखाली, तरतूद होणे. म्हणजे फुटलेला नळ बदलायचा तरी प्रस्ताव, मंजुरी आणि निधी या तीन पायऱ्या चढाव्या लागत. त्यातच तुटीच्या वर्षी वित्त विभागाला वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज यांना हात लावता येत नाही. कात्री चालते ती देखभाल-दुरुस्ती, औषधे, स्वच्छता आणि रिक्त पदे यांच्यावर. रुग्णाला रुग्णालय म्हणून जे दिसते, ते नेमके याच चार गोष्टींचे बनलेले असते. भिंतीतली बिळे एका रात्रीत पडत नाहीत. वर्षानुवर्षे नाकारलेल्या किरकोळ दुरुस्त्यांची ती नोंद असते.

1994 च्या सप्टेंबरात सुरतमध्ये प्लेगचा उद्रेक झाला. सुरत काही फार दूर नाही, आणि एमवायमध्ये उंदरांचा सुळसुळाट असल्याचे सर्वांना ठाऊक होते. त्या धास्तीच्या दिवसांत तत्कालीन जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांच्या पुढाकाराने रुग्णांना इतरत्र हलवून रुग्णालय रिकामे करण्यात आले आणि साचलेला कचरा काढून, मूषकनाशन करून, दुरुस्तीनंतर ते पुन्हा उघडण्यात आले. या कामाला शहराने वर्गणी दिली. काम संपल्यावर जो प्रश्न उरला तो साफसफाईहून अवघड होता : हे टिकवायचे कशाच्या बळावर? त्याचे उत्तर म्हणून 1995 मध्ये रोगी कल्याण समिती आली. ती नोंदणीकृत संस्था असल्यामुळे शुल्क, देणग्या आणि रुग्णालयाच्या जागेतून मिळणारे भाडे तिच्या स्वतःच्या खात्यात राहू शकत होते आणि लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर व नागरिक यांच्या बैठकीत खर्च ठरवता येत होता. पैशाचा मार्ग बदलला, एवढाच त्या कल्पनेचा गाभा होता, आणि माझ्या मते ती कल्पना मुळात योग्यच होती.

तिचा प्रसार झाला तो मात्र वाईट काळात. पाचव्या वेतन आयोगाने पगार वाढल्यानंतर, 1990 च्या दशकाच्या अखेरीस, बहुतेक राज्यांच्या तिजोऱ्या कोरड्या पडल्या. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि खनिजसंपन्न मुलूख मध्य प्रदेशाच्या हातून गेला. अशा वेळी रुग्णालयाने आपला काही खर्च आपणच भागवावा, हा मार्ग कोणत्याही सरकारला सोयीचा वाटणारच. तत्कालीन मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांच्या शासनाने समित्या राज्यभर नेल्या, 2000 मध्ये या प्रयोगाला ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्कचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि एप्रिल 2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही रचना देशभर स्वीकारली. महाराष्ट्रातील वाचक जिला रुग्ण कल्याण समिती म्हणून ओळखतात, तिचे मूळ इंदुरात आहे.

आक्षेपही त्याच काळात आले. जन स्वास्थ्य अभियानासारख्या संघटनांचे म्हणणे असे की आजारी माणसाकडून घेतलेले शुल्क हा आरोग्यसेवेचा पाया होऊ शकत नाही. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सूट होती हे खरे. परंतु सूट कागदावर मिळते आणि कागद खिडकीवर दाखवावा लागतो. एका सरकारी रुग्णालयात मी स्वतः पाहिलेले सांगते. पुढच्या बाईंनी पदराच्या गाठीतून घडी घातलेले शिधापत्रिकेचे पान काढले. पान दुसऱ्या जिल्ह्याचे निघाले. आतल्या कारकुनाने ते दोनदा उलटून पाहिले आणि ‘मावशी, यावर होत नाही’ म्हणून हळूच परत सरकवले. तो उर्मट नव्हता, नियमाने बांधलेला होता. बाईंनी पान पुन्हा गाठीत बांधले आणि मागच्या मुलाला म्हणाल्या, ‘चल, घरी पाहू.’ मी पैसे पुढे करेपर्यंत त्या रांगेतून निघून गेल्या होत्या. सवलतीच्या हिशेबात अशा बाईंची नोंद कुठेच होत नाही.

पुढे धोरणाने काही अंशी माघार घेतली. 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील बाळंतपण आणि आजारी नवजातांचे उपचार निःशुल्क केले, आणि 2012 पासून मध्य प्रदेशात मोफत औषध वितरण सुरू झाले. दुसऱ्या बाजूने राज्याच्या 2005 च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याने तुटीवर मर्यादा घातली आणि काटकसरीचा दबाव कायमचा झाला. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा 8 टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्चावा, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटले आणि त्यासाठी 2020 ही मुदत दिली. पंधराव्या वित्त आयोगाने तीच अपेक्षा 2022 साठी पुन्हा मांडली. मुदत पुढे ढकलावी लागली यातच बरेच काही आले. 2018 नंतर आयुष्मान भारत योजनेमुळे रुग्णालयांना उपचारागणिक विम्याचे पैसे मिळू लागले, पण ते एकेका रुग्णाच्या उपचारासाठी मिळतात. गटाराचे झाकण किंवा खिडकीची जाळी यांसाठी कोणताही विमा नसतो.

त्यामुळे एमवायसाठी बोलणाऱ्यांनी दोन हिशेब वेगळे मागितले पाहिजेत, असे मला कळकळीने वाटते. पहिला समितीचा : वर्षभरात किती जमा झाले आणि त्यातले कशावर गेले. माहितीच्या अधिकाराखाली तो मागता येतो. दुसरा राज्याचा : देखभालीसाठी मूळ तरतूद किती होती, सुधारित अंदाजात ती किती उरली, आणि प्रत्यक्षात किती रक्कम कोणत्या महिन्यात सुटली. आर्थिक वर्ष संपता संपता मार्चमध्ये सुटलेला पैसा त्या वर्षीच्या पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीला उपयोगी पडत नाही. समिती मुळात पूरक होती; तिच्या खात्यात शिल्लक आहे म्हणून राज्याने आपली तरतूद आखडती घेतली का, हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवल्यावरच दिसते.

आणि हे मागण्याला वेळ असते. राज्याचा अर्थसंकल्प साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये विधानसभेत मांडला जातो, परंतु विभागांचे प्रस्ताव त्याआधी काही महिने, दिवाळीच्या आसपास, वित्त विभागाकडे जाऊ लागतात. जानेवारीत दिलेले निवेदन तोवर ठरून गेलेल्या आकड्यांपुढे येते. ते गणपती आणि नवरात्राच्या दरम्यान, महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) टेबलावर पुढच्या वर्षाचा प्रस्ताव अजून कच्चा असताना, पोहोचायला हवे.