न्यूजलेटरवाल्यांची ॲफिलिएट भागीदारी

ईमेल न्यूजलेटर चालवणारे लोक एकमेकांचा कोर्स, ईबुक, सॉफ्टवेअर किंवा थेट एकमेकांचं न्यूजलेटरच आपापल्या वाचकांना सुचवतात आणि त्यातून जी विक्री होईल किंवा जे नवे सबस्क्रायबर येतील त्यावर कमिशन घेतात, त्याला न्यूजलेटर ॲफिलिएट भागीदारी म्हणतात. साध्या ॲफिलिएट मार्केटिंगमध्ये एकजण कायम विकणारा आणि दुसरा कायम लिंक फिरवणारा असतो, इथे मात्र दोघांकडेही स्वतःची लिस्ट, म्हणजे वाचकांच्या ईमेल पत्त्यांची यादी, असते त्यामुळे या महिन्यातला दलाल पुढच्या महिन्यात मालक होतो. गावाकडे सावड करतात ना, आज तुझ्या शेतात उद्या माझ्या, तसाच प्रकार, फक्त हिशोब सॉफ्टवेअर ठेवतं.

एक गोष्ट आधी क्लियर करायला हवी, यात लिस्ट कोणी कोणाला देत नाही. प्रत्येकजण आपल्याच वाचकांना आपल्याच नावाने मेल पाठवतो, आत पार्टनरची लिंक असते. पत्त्यांची फाईलच समोरच्याला देऊन टाकणं ही भागीदारी नाही, तो वाचकांच्या डेटाचा व्यवहार झाला, आणि युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा लागू झाल्यावर वाचकाच्या संमतीशिवाय असं करणं चांगलंच महागात पडू शकतं.

वेबवर ॲफिलिएट पद्धत रुळवली ती गाण्यांच्या सीडी ऑनलाइन विकणाऱ्या सीडीनाऊने (१९९४) आणि अमेझॉनने (१९९६), पण त्यात कमिशन किरकोळ होतं आणि अमेझॉनने तर बरीच वर्षं ईमेलमध्ये लिंक टाकायलाच मनाई ठेवली होती. न्यूजलेटरवाल्यांचं गणित बदललं ते १९९८ मध्ये क्लिकबँक, म्हणजे ईबुक-कोर्ससारखा डिजिटल माल ॲफिलिएटमार्फत विकायचा ऑनलाइन बाजार, आल्यावर. ईबुक किंवा कोर्सला ना छपाई ना गोडाऊन, त्यामुळे मालक ५० ते ७५ टक्के कमिशनसुद्धा आरामात सोडू शकतो. मग अमेरिकेतल्या इंटरनेट मार्केटिंगवाल्यांच्या गोटात प्रॉडक्ट लॉन्चचं, म्हणजे नवा कोर्स ठरलेल्या दिवशी गाजावाजा करून विक्रीला काढायचं, युग सुरू झालं. ऑगस्ट २००४ मध्ये त्यांच्यातल्याच जॉन रीसने एका कोर्सची एका दिवसात १० लाख डॉलरच्या वर विक्री केली, त्यामागे मोठ्या लिस्टवाल्या पार्टनर लोकांनी एकाच वेळी पाठवलेले मेल होते, आणि तिथून सगळ्यांनाच तो नाद लागला.

त्या लॉन्चमध्ये मालक तयार मेल लिहून द्यायचा, त्याला स्वाइप कॉपी म्हणतात, आणि कोणी किती विकलं याचा लीडरबोर्ड लावायचा, पहिल्या नंबरला बक्षीस वगैरे. बरेच पार्टनर ती कॉपी जशीच्या तशी ढकलायचे. आता वाचक काय एकाच लिस्टवर असतो का, तो पाच-सहा लिस्टवर असतो, त्याला सकाळपासून तोच मेल, तोच विषय, फक्त खाली नाव वेगळं. मला विचाराल तर या धंद्याचं नुकसान कमिशनने नाही तर परतफेडीच्या ओझ्याने केलं. त्याने माझ्यासाठी मेल पाठवला म्हणून आता त्याचा कोर्स भिकार असला तरी मला पाठवावाच लागतो, आणि वाचकाला हे आतलं देणंघेणं माहीतच नसतं.

हिशोबाचं काम कुकी (वाचकाच्या ब्राउझरमध्ये राहणारी छोटी खूण) आणि लिंकमधल्या पार्टनरच्या आयडीवर चालतं. वाचकाने क्लिक केल्यापासून ठराविक दिवसांत, साधारण ३० किंवा ६०, खरेदी केली तर कमिशन मिळतं, आणि बहुतेक ठिकाणी शेवटचा क्लिक ज्याचा त्याला पैसे, मग आधी महिनाभर कोणीही गुणगान केलेलं असो. पैसे लगेच सोडत नाहीत, रिफंडची मुदत संपेपर्यंत थांबवतात. पार्टनर निवडताना जाणकार माणूस लिस्ट किती मोठी हे नंतर विचारतो, आधी क्लिकमागे कमाई किती ते विचारतो. समजा १०,००० ची लिस्ट आहे, २ टक्के लोकांनी क्लिक केलं म्हणजे २००, त्यातल्या ६ जणांनी २,००० रुपयांचा कोर्स घेतला आणि कमिशन ५० टक्के, तर ६,००० रुपये झाले, म्हणजे क्लिकमागे ३० रुपये. छोटी पण ऐकणारी लिस्ट यात मोठ्या थंड लिस्टला सहज मागे टाकते.

अलीकडे विक्रीऐवजी सबस्क्रायबरमागे पैसे द्यायची पद्धत आली आहे. सबस्टॅक या न्यूजलेटर प्लॅटफॉर्मने एप्रिल २०२२ मध्ये रेकमेंडेशन, म्हणजे एका न्यूजलेटरने आपल्या वाचकांना दुसरं सुचवायची सोय, आणलं, ते फुकट होतं. स्पार्कलूप ही सेवा आणि बीहाइव या प्लॅटफॉर्मचं बूस्ट्स यांनी त्याला दर लावला, आणि स्पार्कलूप पुढे कन्व्हर्टकिट या ईमेल पाठवायच्या सेवेने घेतलं, ज्याचं नाव २०२४ पासून नुसतं किट आहे. यात नवा वाचक काही दिवस खरंच मेल उघडतो का, क्लिक करतो का हे बघून मगच पैसे सुटतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने मेलची प्रायव्हसी कडक केल्यापासून ओपनचा, म्हणजे मेल किती जणांनी उघडला त्याचा, आकडा फसवा झालाय म्हणून क्लिकला जास्त किंमत. बरेच जण फक्त अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा देशांतले वाचक मोजतात, त्यामुळे पुण्या-नाशकातल्या वाचकाचे बहुतेक वेळा काहीच मिळत नाहीत, आणि मराठी न्यूजलेटरवाल्याला या बाजारापेक्षा ओळखीतली थेट बोलणीच जास्त परवडते.

वाईट बाजू म्हणजे आधीच टिक केलेले बॉक्स. वाचक एका न्यूजलेटरला साइन अप करतो आणि नकळत आणखी चार त्याच्या गळ्यात पडतात, मग आठवड्याने तो म्हणतो हे कोण, आणि स्पॅम दाबतो. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांवर नियम घातलेत, एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब द्यायचं आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या, त्यामुळे असे वाचक फुकट मिळाले तरी महागच.

अमेरिकेत एफटीसी या ग्राहक संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमांप्रमाणे कमिशन मिळत असेल तर ते वाचकाला दिसेल असं सांगावं लागतं, आणि २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार मेलमध्ये पोस्टाचा पत्ता आणि बाहेर पडायची सोय हवी. भारतात जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी असाच खुलासा सांगितला. भारतीय कंपनीकडून येणाऱ्या कमिशनवर ठराविक रकमेच्या वर टीडीएस कापतात, ऑक्टोबर २०२४ मध्ये तो दर ५ वरून २ टक्क्यांवर आला.

भांडणं बहुतेक वेळा भागीदारी संपल्यावर होतात. ऑटोरिस्पाँडरमधल्या, म्हणजे नव्या वाचकाला आपोआप जाणाऱ्या, जुन्या मेलमध्ये लिंक तशीच राहते, नवे वाचक त्यावरून खरेदी करत राहतात आणि कमिशन चालू की बंद हे आधी कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून अनुभवी लोक सुरुवातीच्याच मेलमध्ये, लिंक कधीपर्यंत चालेल आणि बंद करायच्या किती दिवस आधी कळवायचं, एवढं तरी लिहून घेतात.