माटोळीचा तोल आणि ठिपक्यांचं दुसरं रूप

फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात चवथीच्या आदल्या दिवशी काका माटोळी बांधायला स्टुलावर चढायचे. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली ती लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, चिबूड, आंबाडे, तोरिंजनं. मी खालून बघून सांगायचो, "काका, दाराकडे कलली." वरून उत्तर यायचं, "मग समोरच्या कोपऱ्याला आणखी एक नारळ बांध रे."

पुढे बैजिक भूमिती, म्हणजे समीकरणांतून आकृत्यांचा अभ्यास, शिकताना ठिपक्यांच्या संचांचं द्वैत समोर आलं. पुस्तकात ते निश्चयकांच्या, म्हणजे संख्यांच्या चौकोनी मांडणीतून ठरावीक रीतीने काढलेल्या एका संख्येच्या, भाषेत होतं. मला ते कळलं या चौकटीमुळे, म्हणून तसंच सांगतो.

दोन फूट बाजूची चौरस चौकट घ्या. तिचे चार कोपरे क्रमाने अ, ब, क, ड आणि मधोमध ई. चौकटीचं स्वतःचं वजन सोडून द्या. या पाच जागी एक तर दोरी वर ओढते किंवा फळ खाली ओढतं. वरची ओढ अधिक, खालची उणे. चौकट आडवी, स्थिर राहायची तर तीन अटी पाळाव्या लागतात: सगळ्या ओढींची बेरीज शून्य, लांबीच्या दिशेने कल नाही, रुंदीच्या दिशेनेही नाही. भार पाच, अटी तीन. म्हणजे मूळचे समतोल दोनच, बाकीचे त्यांच्या मिश्रणातून होतात.

ते दोन लगेच दिसतात. मध्ये दोन किलोचा चिबूड, अ आणि क या कोपऱ्यांना एकेक किलोची ओढ: हा पहिला. तोच चिबूड ब आणि ड यांनी पेललेला: हा दुसरा. आता प्रत्येक जागेसमोर तिचा पहिल्या आणि दुसऱ्या समतोलातला भार लिहू. अ आणि क यांच्या वाट्याला (१, ०), ब आणि ड यांच्या (०, १), ई च्या (−२, −२). या जोडीतलं गुणोत्तर तेवढं महत्त्वाचं धरलं, की प्रत्येक जोडी म्हणजे एका रेषेवरचा एक ठिपका. सपाट प्रतलावरचे पाच ठिपके असे रेषेवरच्या पाच ठिपक्यांत बदलतात. हेच त्यांचं द्वैत रूप.

आता नीट बघा. चौकटीवर ब, ई, ड एका रेषेत आहेत. द्वैतात उरलेले दोघे, अ आणि क, एकमेकांवर येऊन बसले आहेत. हा योगायोग नाही. ब-ड ही एक काठी समजा. काठीवर टांगलेलं काहीही चौकटीला काठीभोवती फिरवू शकत नाही, ते काम फक्त अ आणि क करू शकतात. दोघे काठीच्या दोन बाजूंना, सारख्याच अंतरावर. तेव्हा समतोल कोणताही असो, त्यांचे भार सारखेच असणार, म्हणून त्यांच्या जोड्याही सारख्या. काकांचा "समोरच्या कोपऱ्याला" हा हुकूम म्हणजे हेच प्रमेय होतं, असं मला आज मनापासून वाटतं.

एवढ्यावर थांबत नाही. पाच ठिपक्यांतून तीन निवडायचे दहा मार्ग आहेत. अ-ब-क या त्रिकोणाचं क्षेत्रफळ दोन चौरस फूट. उरलेल्या ड आणि ई यांच्या जोड्यांचा निश्चयक (तिरके गुणाकार करून त्यांची वजाबाकी), चिन्ह सोडून, दोन. अ-ब-ई चं क्षेत्रफळ एक, क आणि ड यांचा निश्चयक एक. दहाही वेळा असंच जुळतं. स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. त्रिकोणाचं क्षेत्रफळ हा निश्चयकाचाच निम्मा भाग. म्हणून सर्वसाधारण नियम असा, की काही ठिपक्यांचा मूळ रूपातला निश्चयक आणि उरलेल्यांचा द्वैतातला निश्चयक नेहमी एकाच प्रमाणात असतात, फक्त चिन्ह बदलू शकतं. एक शून्य झाला की दुसराही शून्य. शाळेत क्रेमरच्या पद्धतीने समीकरणं सोडवली असतील त्यांना याचं मूळ ओळखीचं वाटेल.

सहा जागा घेतल्या तर मूळ समतोल तीन होतात आणि द्वैत रूपही सपाट प्रतलावरच येतं. पहिले तीन ठिपके एका रेषेत असतील, तर द्वैतात शेवटचे तीन एका रेषेत. मग प्रश्न येतो: सहा ठिपके आपल्याच द्वैतासारखे कधी असतात? तिरक्या कॅमेऱ्यातून काढलेला फोटो आणि मूळ चित्र एकच मानलं, तर उत्तर फार देखणं आहे. कोणतेही तीन एका रेषेत नसलेले सहा ठिपके स्वतःचंच द्वैत असतात ते नेमके तेव्हा, जेव्हा सहाही एकाच शांकवावर, म्हणजे वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त किंवा अपास्त यांपैकी एकावर असतात. शांकवावरच्या सहा बिंदूंविषयी पास्कलने १६४० मध्ये, सोळाव्या वर्षी, जे प्रमेय मांडलं, त्याला लागूनच ही गोष्ट आहे. समतोलाचे तीन हिशोब आणि एक गोल वक्र, यांचा संबंध असेल हे आधी कोणाला सुचलं असतं?

इटलीच्या कास्तेल्नुओव्होने १८८९ मध्ये आणि त्यानंतर अमेरिकेच्या आर्थर कोबलने या द्वैताचा अभ्यास केला. १९५६ मध्ये डेव्हिड गेलने बहुपृष्ठकांच्या (सपाट बाजूंच्या आकृत्यांच्या) अभ्यासात ते वापरलं, म्हणून पुष्कळजण याला गेलचं द्वैत म्हणतात. आयझेनबड आणि पोपेस्कू यांनी २००० मध्ये बैजिक भूमितीच्या अंगाने त्यावर मोठा लेख लिहिला.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो इस्रायली गणिती मिखा पर्लेसने १९६० च्या दशकात केलेला उपयोग. आठ मितींमधली, बारा कोपऱ्यांची आकृती डोळ्यांसमोर आणणं अशक्यच. पण बारा ठिपके, आठ मितींसाठी नऊ अटी, उरले तीन समतोल. म्हणजे द्वैत रूप साध्या कागदावर मावतं. पर्लेसने नियमित पंचकोनातून निघणारी ठिपक्यांची आणि रेघांची अशी मांडणी घेतली, की तिच्यात √५ ही अपरिमेय संख्या टाळताच येत नाही. तिच्या आधारे त्याने आठ मितींत अशी आकृती उभी केली, जिचे सगळे कोपरे परिमेय संख्यांच्या जागी बसवणं कधीच शक्य नाही, कोपरे कितीही सरकवून तिची ठेवण तशीच राखली तरीही.